मदत हवी आहे: पहिलं स्वतंत्र लग्न, ९० हजारांत बॅगेत काय काय हवं?

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं नोकरी सांभाळून एका फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून लग्नं करतेय. म्हणजे लाइट धरायचा, बॅगा राखायच्या आणि पंगतीचे फोटो काढायचे. आता डिसेंबरात पहिलं लग्न माझ्या एकटीच्या जिवावर घेतलंय. हळद लालबागला चाळीत, लग्न आणि रिसेप्शन दादरला हॉलमध्ये.

माझ्याकडे कॅनन २००डी आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स, ५० एमएम एफ १.८ लेन्स आणि पेन्सिल सेलवर चालणारा एक जुना फ्लॅश. बजेट ९० हजार, त्यातले ४० बाबांकडून उसने.

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. वैशाखात मामेबहिणीच्या लग्नात सरावाला हाच कॅमेरा घेऊन उभी होते. शेवटच्या मंगलाष्टकाला उत्साहाच्या भरात फुल पॉवरवर धडाधड पाच-सहा फोटो मारले. 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या, मी बटण दाबलं आणि फ्लॅश पेटलाच नाही. मागचा लाल दिवा लागेपर्यंत हार घालूनही झाले होते. फोटोत नुसता काळोख आणि मधोमध नवरीच्या मामाचा पांढरा सदरा! घरचं लग्न, म्हणून हसण्यावारी गेलं. डिसेंबरात कोण हसेल?

ओळखीतले सगळे म्हणतात फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घे. कॅननचा सेकंडहँड फुल-फ्रेम आर६ घेतला तर बजेट तिथेच संपतं आणि कॅमेऱ्याची बॉडी पुन्हा एकच. मला वाटतं त्यापेक्षा दुसरी जुनी २००डी, सिग्माची १७-५० एफ २.८ लेन्स आणि लिथियम बॅटरीचा फ्लॅश घ्यावा, लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लेन्स त्या दिवसापुरती भाड्याने आणावी. चाळीतली खोली दहा बाय बारा, पाठ भिंतीला टेकते. तिथे ५० एमएममधून नवरीचं तोंड येतं, पण हळद लावणारी काकू कापली जाते.

माझं गणित चुकतंय का? शिवाय फोर्टला बोरा बाजारात जुनी लेन्स घेताना काय बघायचं? आणि स्टेजवरच्या एलईडीमुळे फोटोत काळे पट्टे येतात, त्याचं काय करायचं?

प्रतिसाद १

ताई, गणित बरोबर आहे, पण एक भोक राहिलंय. २००डीला कार्डाचा स्लॉट एकच. लग्नाच्या मधोमध कार्ड बिघडलं तर दोन बॉड्या असूनही त्यातले फोटो गेलेच. म्हणून १२८ जीबीचं एकच कार्ड नको, ३२ ची चार-पाच घे. मुहूर्ताचे विधी दोन्ही बॉड्यांवर थोडे थोडे येऊ देत. रात्री घरी पोचल्यावर दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट करू नकोस, कितीही झोप आली तरी.

१७-५० घेताना एवढं लक्षात ठेव की ती क्रॉप, म्हणजे २००डीसारख्या छोट्या सेन्सरची लेन्स आहे. उद्या आर६ घेतलास तर अ‍ॅडॅप्टरने बसेल, पण २० मेगापिक्सेलचे जेमतेम ८ उरतील. मी तरीही घेईन.

जुन्या लेन्सचं म्हणशील तर दोन्ही झाकणं काढ, आतलं उजेडाचं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर उघडं ठेव आणि मागून मोबाइलची टॉर्च मार. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की फंगस. आपल्या पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास लागते. दुकानदार 'धूळ आहे, पुसली की जाते' म्हणेल. लेन्स खाली ठेव आणि दुकानाबाहेर पड.

प्रतिसाद २

पट्ट्यांबद्दल: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा, बरेचसे पट्टे जातील. डेकोरेशनवाल्यांचे काही एलईडी तरीही दगा देतात, म्हणून पाहुणे यायच्या आधी स्टेजवर चार वेगवेगळ्या शटर वेगांवर फोटो मारून बघा. हॉलचं छत लाकडी असेल तर फ्लॅश छताकडे मारू नका, तिथून परतणाऱ्या उजेडात नवरा-नवरी केशरी दिसतात. बाजूला पांढरी भिंत शोधा.

धागाकर्ती

दोघांचे आभार. काल हॉल बघून आले. छत खरंच चॉकलेटी लाकडाचं आहे आणि पांढरी भिंत फक्त डावीकडे, जिथे बँडवाले बसतात! मॅनेजरकाकांना त्यांची जागा बदलायला विचारलंय, 'बघू' म्हणाले.

आता एकच राहिलं. ७०-२०० भाड्याने आणायची तर आदल्या संध्याकाळी आणू की त्याच सकाळी? मुहूर्त ११ चा आहे आणि मी डोंबिवलीहून लोकलने येणार.