शेत नाही, पगार आहे. कापणीच्या सणाला काय न्यायचं?

भोसरीचा_फिटर

सर्वांना सलाम.

प्रश्न साधा आहे, पण तीन वर्षं डोक्यात घोळतोय, म्हणून शेवटी लिहितोच.

मी मूळचा नेवासा तालुक्यातला. सतरा वर्षं झाली, भोसरीत एका वर्कशॉपला मेंटेनन्स फिटर आहे. गावाकडं आमच्या ख्रिस्ती मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत) बाजरी खळ्यावरून घरात आली की कापणीचा सण व्हायचा. अण्णा (माझे वडील) शेतातली पहिली कणसं वेगळी काढून ठेवायचे आणि सण होईस्तोवर आम्हा पोरांना हुरडासुद्धा भाजू द्यायचे नाहीत. सणाच्या दिवशी पत्र्याच्या त्या चर्चमध्ये पुढच्या टेबलावर बाजरीची कणसं, तुरीच्या शेंगा, डांगर, गुळाची ढेप असा ढीग लागायचा. एखादी कोंबडी पाय बांधून टेबलाखाली ठेवलेली असायची. पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) आवाज चढवला की तीही चढवायची.

उपासना झाली की लिलाव. एका वर्षी एका म्हातारीनं एकच अंडं आणलं होतं. ते दोन रुपयाला गेलं. घेणाऱ्यानं पैसे दिले आणि अंडं परत टेबलावर ठेवलं. मग पाचला गेलं, परत आलं. मग दहाला. असं करत त्या एका अंड्याचे साठ-बासष्ट रुपये झाले आणि शेवटी ते कोणाच्या तरी खिशात फुटलं. म्हातारी इतकी हसली की तिला धरून बसवावं लागलं.

आता इथलं सांगतो. इथं सणाच्या आधीच्या रविवारी छापील पाकीट मिळतं. वर नाव, खाली रक्कम. पुढच्या रविवारी यादी वाचतात, मोठ्या रकमेपासून खाली. गेल्या वर्षी माझी लेक (चौथीत आहे) कानाशी येऊन म्हणाली, “पप्पा, आपला नंबर कितवा आला?”

त्या दिवसापासून मला ते पाकीट हातात धरवत नाही. देण्याचा प्रश्न नाही, दशांश (कमाईचा दहावा भाग) मी देतोच. पण पगार मोबाईलवर टिंग करून येतो आणि तसाच पुढं जातो. बाजरीची कुसळं अण्णांच्या मानेला दोन दिवस टोचायची. त्यांना उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं, काय असतं ते सांगावं लागत नव्हतं. मला लेकीला काय दाखवायचं तेच कळत नाही. त्यात महिन्यातले दोन रविवार ओव्हरटाईम असतो, म्हणजे उपासनाही चुकते.

“मन शुद्ध ठेवा, देव अंतःकरण पाहतो” हे कृपा करून लिहू नका. ते मलाही पाठ आहे. तुम्ही स्वतः काय करता ते सांगा.

---

मरोळकर

दादा, मी मुंबईतल्या मरोळचा, ईस्ट इंडियन (इथले मूळचे ख्रिस्ती), कॅथलिक. तुमचा तो कापणीचा सण, तोच आमचा आगेरा. ऑक्टोबरचा पहिला रविवार. भाताची कणसं मिरवणुकीनं देवळात नेतात, फादर आशीर्वाद देतात, मग घरोघरी एकेक काडी मिळते. गोव्यात कणसाचं फेस्त ऑगस्टपासूनच सुरू होतं.

फरक एवढाच की मरोळला भातशेती राहिलेली नाही. शेतं होती तिथं आता ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. आमची कणसं बाहेरून टेम्पोनं येतात. दोन-तीन वर्षं मलाही वाटायचं की हे नाटक आहे, विकत आणलेल्या कणसाची कसली कापणी.

आई मात्र त्या दिवशी नव्या तांदळाची खीर करते आणि पहिली वाटी बिल्डिंगच्या वॉचमनला जाते. घरातल्या कुणाच्याही आधी. मी एकदा विचारलं, वॉचमनच का? म्हणाली, “शेत होतं तेव्हा राखण करणाऱ्याला आधी द्यायचो. आता राखण तो करतो.” मग मी टेम्पोचा विषय सोडून दिला.

तुमच्या पाकिटाचं मात्र मला काही सुचत नाही. ती यादी आमच्याकडे नाही, देवाची कृपा.

---

रात्रपाळी_सिस्टर

फिटरभाऊ, मी रिटायर नर्स. ट्रेनिंग मिरजेला. मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेला दवाखाना तो. चौतीस वर्षं नोकरी झाली, त्यातले निम्मे रविवार वॉर्डात गेले. त्यामुळे उपासना चुकते म्हणून जीव खाऊ नका. मीही खूप खाल्ला. मंडळीतल्या बायका विचारायच्या, “सिस्टर दिसत नाहीत हल्ली”, आणि त्या “हल्ली”वरचा जोर मला आठवडाभर पुरायचा.

माझं वचन एकच: “जे काही तुम्ही करता ते जिवेभावे करा.” बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातलं. प्रेषित पौलानं ते लिहिलंय दासांना उद्देशून, हे लक्षात घ्या. सुट्टी मागायची सोय नसलेल्या माणसांना. मी ते औषधांच्या ट्रॉलीच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. रोज जिवेभावे झालं का? छे. पहाटे चार वाजता तिसऱ्यांदा चादर बदलताना मी मनात काय काय म्हटलंय ते देवालाच माहीत.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही फिटर आहात ना? मग कुठल्याही दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात जा आणि व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं बघा. आसाला केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, इतके की चाक फिरत नाही, नुसतं घासत जातं. नवी खुर्ची दान करायला लोक येतात, फोटोही काढतात. जुनीचं चाक मोकळं करायला चौतीस वर्षांत कोणी आलेलं मी पाहिलं नाही. आम्ही कात्रीनं कापायचो, पण आतलं निघायचं नाही. आणि खुर्ची अडली की पेशंट खाटेवरच राहतो हो. बाहेर नेणार कोण?

पाकिटाला मात्र नावं ठेवू नका. आमच्या मंडळीत त्याच पाकिटांतून एका विधवेच्या दोन मुलांची फी भरली जाते. तिला त्या पैशाचा वास येतो की नाही हे विचारायला कोणी गेलेलं नाही.

---

नगरचा_मास्तर

सिस्टरांचं शेवटचं वाक्य झोंबणारं आहे, पण खरं आहे.

मी निवृत्त शिक्षक. संडे स्कूलही बरीच वर्षं घेतलं, त्यामुळे थोडा धडा होणार, सहन करा.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा 26 वा अध्याय काढा. प्रथमउपजाची (पहिल्या पिकाची) टोपली नेण्याची रीत तिथे आहे. नुसती टोपली ठेवून यायचं नाही. याजकासमोर उभं राहून आपली गोष्ट सांगायची: माझा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात (इजिप्तमध्ये) आम्ही गुलाम होतो, तिथून देवानं काढलं, आणि हे बघ, हे त्या जमिनीचं पीक. मग लेवी (मंदिराची सेवा करणारे) आणि उपरी (परके) यांच्यासोबत बसून आनंद करायचा. म्हणजे टोपली, गोष्ट आणि पंगत. आपल्या शहरातल्या चर्चमध्ये टोपलीचं पाकीट झालं, गोष्ट गळली आणि पंगतीचा केटरर झाला. फिटरराव, तुम्हाला टोचतंय ते हे, असं मला वाटतं. त्या म्हातारीच्या अंड्याला गोष्ट होती. पाकिटावर फक्त रक्कम आहे.

दुसरं, बायबलमधल्याच ‘लेवीय’ पुस्तकाचा 19 वा अध्याय. शेताचे कोपरे कापू नका, सरवा (कापणीत मागं पडलेली कणसं) वेचू नका, तो गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या. बायबलमधली परदेशी विधवा रूथ सरवाच वेचत होती. पहिली पेंढी देवाची, सरवा परक्याचा. दशांश तुम्ही देता, म्हणजे पेंढी झाली. तुमच्या शेताचा कोपरा कुठला, तो शोधा. माझ्या मते ओव्हरटाईम. डबल दराचा तास सरव्याला सोडायला जड जातं, म्हणूनच तो कोपरा.

आणि पगारदाराच्या हातांना कमी लेखू नका. पंडिता रमाबाई केडगावला 1896-97 च्या दुष्काळातल्या मुलींना घेऊन आल्या. त्या मुली तिथे माग चालवायला शिकल्या, गुरं सांभाळायला, छापखाना चालवायला. रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर मुक्ती सदनातल्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. रमाबाई 1922 साली गेल्या, पुस्तक पूर्ण होऊन आलं 1924 ला. कम्पोझिंग ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे: प्रत्येक अक्षराचा खिळा चिमटीनं उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीनं “आमची रोजची भाकर” असा एक एक खिळा लावला असेल. मला तरी याहून मोठी उपकारस्तुती माहीत नाही. यादीत नाव कोणाचंच नाही.

ती यादी वाचणं मात्र बंदच झालं पाहिजे. डाव्या हाताला कळू नये म्हटलंय, आपण लाऊडस्पीकरला कळवतो.

---

खजिनदार_नाव_नको

मास्तर, सलाम. मी एका मंडळीचा खजिनदार आहे (फिटरभाऊंच्या नाही).

एक वर्ष आम्ही यादी वाचली नाही. लगेच कुजबुज सुरू. “माझे पाचशे दिले होते, जमा झाले का?” एकानं तर पंच कमिटीत विषय काढला की खजिनदार नावं का लपवतो. मी दिवसभर बँकेत नोकरी करतो आणि रात्री जेवण झाल्यावर तुमच्या पाकिटांचा हिशोब लावतो, फुकट. तीही सेवाच आहे, पण तिच्यावर कोणी प्रवचन करत नाही.

आता आम्ही नावं आडनावाच्या अक्षरक्रमानं लावून नोटीस बोर्डावर चिकटवतो, रक्कम नाही, फक्त पावती क्रमांक. कुजबुज निम्मी झाली. पूर्ण जाणार नाही, मंडळी आहे ती.

---

भोसरीचा_फिटर

सगळ्यांना सलाम. पाच आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

सिस्टर, तुमचं वाचल्यावर घराजवळच्या एका वृद्धाश्रमात गेलो. आत गेल्यावर काय बोलायचं तेच सुचेना. “व्हीलचेअर दुरुस्त करायच्यात का” म्हटलं तर ऑफिसमधल्या बाईंनी आधी विचारलं, “किती घेणार?” काही नाही म्हटल्यावर त्या जास्तच संशयानं बघायला लागल्या.

अकरा खुर्च्या होत्या. सातांची पुढची चाकं जाम. तुम्ही म्हणालात तसंच, केस, साडीचे दोरे, एका ठिकाणी तर रुद्राक्षाच्या माळेचा धागा. लेकीला बरोबर नेलं होतं. मी चाक खोलून दिलं की ती कंपासच्या टोकानं दोरा उकलायची आणि मी हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्यानं उरलेलं खरवडायचो. केसांचं एक वेटोळं तर वॉशरसारखं कडक निघालं. तिनं ते कागदात गुंडाळून शाळेत दाखवायला नेलं, बाईंची बोलणी खाल्ली.

खाटेवरच्या एक आजी सारख्या म्हणत होत्या, “माझी आधी कर.” त्यांची केली. त्यांना फक्त गेटपर्यंत जायचं होतं. गेटवर जाऊन त्यांनी काही केलं नाही, रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसल्या. अर्ध्या तासानं मीच विचारलं, आत नेऊ का? “थांब रे,” म्हणाल्या.

मास्तर, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारचा संध्याकाळचा ओव्हरटाईम सोडलाय. बायको पहिल्यांदा गप्प बसली, मग हिशोब मांडला, मग म्हणाली किस्त निघते, जा. खोटं कशाला सांगू, पगाराचा मेसेज आला तेव्हा टोचलं.

गेल्या रविवारी सण झाला. लेकीनं रंगाच्या डब्यात मेथी लावली होती. एक जुडी झाली, तीही बारकी. लिलाव आमच्याकडं नसतो, पण पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, करून बघू. तीस रुपयांपासून सुरू झाली. गावाकडचे दोघं-तिघं होते, त्यांना खेळ माहीत होता, त्यांनी घेऊन परत ठेवली. एकशे सत्तरवर थांबली. मेथीची पानं तोवर पार मान टाकून बसली होती.

पाकीटही दिलं, नावाशिवाय. खजिनदार मागं आले, “नाव नसेल तर पावती कशी फाडू?” शेवटी “एक सभासद” अशी फाडली. यादी यंदाही वाचली, मोठ्यापासून खाली. अक्षरक्रमाचं मी कमिटीला कळवलंय, बघू. लेक या वेळी नंबर विचारायला विसरली. तिचं लक्ष जुडी कोणी नेली तिकडं होतं.

एक खुर्ची अजून डावीकडं ओढते. फोर्क वाकलाय, वर्कशॉपमध्ये आणून सरळ करावा लागेल.

---

मरोळकर

जुडी नेली कोणी?

---

भोसरीचा_फिटर

नगरकडच्याच एका मावशींनी. संध्याकाळी फोन आला, भाजी कडू झाली म्हणून.

---

रात्रपाळी_सिस्टर

फिटरभाऊ, आजींना गेटवर नेल्याचं दोनदा वाचलं. बाकी काही लिहीत नाही.

फक्त एक सांगा, चाकांना ग्रीस लावलंत का? आमच्या इथं एक नातेवाईक लावून गेला होता, महिन्यात पुन्हा जाम.

---

भोसरीचा_फिटर

ग्रीस नाही सिस्टर. उघड्या आसाला ग्रीस लावलं की केस आणि धूळ त्यालाच चिकटतात. साधा बुश असेल तर शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब, आणि वरचं फडक्यानं पुसून टाकायचं. सीलबंद बेअरिंग असेल तर तेही नको, खडखडायला लागलं की सरळ बदलायचं. नंबर बेअरिंगच्या कडेवरच कोरलेला असतो. आमच्या त्या खुर्च्यांत 608 निघालं, ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. तुमच्या इथल्या चाकांचा फोटो पाठवा, बघून सांगतो.