आमदार फुटतात ते म्हणे आपल्या कामांसाठी!

बार्देशकर: काल इथे कुणीतरी लिहिलं की गोव्यासारख्या छोट्या राज्यात विरोधी आमदाराला कुणी विचारत नाही, मतदारसंघाची कामं अडतात, म्हणून तो सत्तेत जातो, त्याला गद्दार म्हणू नका. वाचून डोकंच फिरलं. 2017 साली काँग्रेस 17, भाजप 13, आणि तरी सरकार आलं भाजपचं. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या उरलेल्या 15 पैकी 10 जण एकदम भाजपवासी. त्यात खुद्द विरोधी पक्षनेते कवळेकर. तीन दिवसांत उपमुख्यमंत्री! 2022 ला काँग्रेसला आपल्या उमेदवारांना देऊळ, बांबोळीचा खुरीस (क्रॉस) आणि बेतीचा दर्गा फिरवून शपथा घालाव्या लागल्या. 11 निवडून आले, सप्टेंबरात त्यातले 8 गेले. त्यातले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत तर म्हणाले, देवाला विचारूनच निर्णय घेतला.

कामंच अडली होती तर एकेकटे का नाही गेले? दोन तृतीयांश भरेपर्यंत थांबले ते राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, आमदारकी जाऊ नये म्हणून. रस्ते-गटारांचा काय संबंध?

म्हादईकाठ: पर्वरीत बसून परिशिष्टं वाचायला काय जातं? आमचा आमदार विरोधात होता तेव्हा वाड्यावर अख्खी टर्म रस्त्यावर हॉटमिक्स डांबर पडलं नाही. पावसात आईला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षावाला तिठ्यावरूनच परत फिरायचा. आणि लोकांना चालतं हो! विश्वजित राणेंनी 2017 ला काँग्रेस सोडली, त्यांच्या वाळपई मतदारसंघाने परत निवडून दिलं.

बार्देशकर: अहो, त्यांनी राजीनामा दिला आणि पोटनिवडणूक लढवली! तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटलं. बाकीच्यांनी तेवढी हिंमत दाखवावी. आणि आपल्याच केपे मतदारसंघात 2022 ला कवळेकर पडले, ते विसरलात?

म्हादईकाठ: आणि ताळगाव, थिवी? तिथे फुटलेलेच परत आले. सोयीचं तेवढंच सांगा.

कुळागरवाला: रस्ता राहू द्या. "कामं" म्हणजे नोकऱ्या, हे कुणी बोलणार आहे का? माझा आतेभाऊ चांगला शिकलेला, लेखी परीक्षा पास. आत्याने आमदाराच्या बंगल्यावर किती खेपा घातल्या! प्रत्येक वेळी चहा आणि "बघूया". शेवटी यादीत नाव लागलं ते कार्यकर्त्याच्या पोराचं.

म्हादईकाठ: मग गेलात कशाला बंगल्यावर? वशिला लागला नाही म्हणून आता तत्त्वं आठवली?

कुळागरवाला: तोंड सांभाळून बोला. पंचवीस-तीस हजारांच्या मतदारसंघात आमदार घरोघरच्या लग्नाला येतो. त्याच्याकडे जायचं नाही तर कुणाकडे? न जाणारा एक तरी माणूस दाखवा.

बार्देशकर: विषय पक्षांतराचा होता...

पन्हाळकर: दहा आमदारांसाठी केवढी रडारड! आमच्या महाराष्ट्रात 2022 आणि 2023 ला अख्खे पक्ष चिन्हासकट गेले.

म्हादईकाठ: 288 जणांच्या सभागृहातून 40 मधल्यांना शिकवू नका. बार्देशकर, राजीनामा द्यायला हवा होता हे मान्य, जा. पण माझा रस्ता झाला तो आमदार सत्तेत गेल्यावरच.

बार्देशकर: रस्त्याचं अभिनंदन. पुढल्या पावसात टिकला तर कळवा.

वेर्ण्याची बस: कुळागरवाला, आतेभाऊ काय करतो आता?

कुळागरवाला: वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात आहे. कंत्राटावर. ते पण कुणाच्या तरी चिठ्ठीनेच.