उत्तर: इंडीने एफटीपी जोडल्यावर फॉर्म गोठतो

डेल्फीच्या (प्रोग्राम बनवायचं साधन) प्रोग्राममध्ये इंडी या नेटवर्क लायब्ररीचा टीआयडीएफटीपी, म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवणारा-उतरवणारा घटक, टाकला, आणि फाइल चढत असताना फॉर्म गोठतो, ही मूळ अडचण. वरच्या एका उत्तरात कुणीतरी टीआयडीअँटीफ्रीझ, म्हणजे इंडी वाट पाहत असताना खिडकी चालू ठेवणारं कॉम्पोनंट, सुचवलंय. ते फॉर्मवर टाकलं की खिडकी हलते खरी, पण मोठ्या फाइलींसाठी मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. इंडी मुळात ब्लॉकिंग आहे: पुटला (फाइल चढवायची आज्ञा) हाक मारली की फाइल पूर्ण जाईपर्यंत कोड त्या ओळीच्या पुढे सरकत नाही. म्हणून कनेक्ट, पुट, डिसकनेक्ट सगळं सरळ टीथ्रेडमध्ये, म्हणजे फॉर्मपासून वेगळ्या चालणाऱ्या थ्रेडमध्ये, न्या. ऑनवर्क (किती फाइल गेली ते सांगणारा इव्हेंट) त्याच थ्रेडमध्ये येतो, तेव्हा प्रोग्रेसबारला तिथून थेट हात लावू नका, सिंक्रोनाइझ किंवा क्यू वापरा, म्हणजे ते काम फॉर्मच्या मुख्य थ्रेडमध्ये होतं.

फाइल उतरवताना ऑनवर्कबिगिनमध्ये (काम सुरू होताना येणारा इव्हेंट) एकूण आकार शून्य येऊ शकतो. गेटच्या (फाइल उतरवायची आज्ञा) आधी सर्व्हरला साइझ विचारून घ्या, नाहीतर टक्केवारी काढताना शून्याने भागाकार ठरलेला.

पॅसिव्ह ट्रू ठेवा (म्हणजे डेटाची जोडणी सर्व्हरऐवजी आपला प्रोग्राम सुरू करतो), राउटरमागच्या ग्राहकांकडे त्याशिवाय बहुधा चालणार नाही. झिप, चित्रं वगैरेंसाठी एफटीबायनरी, म्हणजे फाइल जशीच्या तशी पाठवणारा मोड. आस्की (साध्या मजकुराच्या) मोडमध्ये ओळीची शेवटची चिन्हं बदलतात आणि झिप उघडत नाही. फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवून मग रिनेम करा, म्हणजे अर्धवट फाइल कुणी उचलणार नाही.

आणि होस्टिंगवाल्याने पोर्ट २२ दिला असेल तर तो एसएफटीपी, म्हणजे एसएसएच या सुरक्षित जोडणीवरचा वेगळाच प्रोटोकॉल. तिथे टीआयडीएफटीपी कितीही खटपट केली तरी जोडणार नाही.