७१ वर्षांच्या काकूंची एफडी मोडायला लावू का? ब्रांचचा प्रेशर आहे

दांडियाबाजार_९६:
बडोद्यातच एका प्रायवेट बँकेत आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) आहे, दीड वर्ष झालं. मार्च चालू आहे, त्यामुळे ब्रांचमध्ये काय अवस्था असते ते माहितीवाल्यांना सांगायला नको. आमच्या वाड्यातल्याच एक काकू आहेत, काका गेल्यापासून १२ लाखांच्या एफडीच्या व्याजावर त्यांचं चालतं. मॅनेजर म्हणतो त्यातले ५ लाख काढून नातवाच्या नावाने युलिप (पैसे बाजारात लावणारी विमा पॉलिसी) कर, "करी नाख ने, माजी तने ना नहीं पाडे." आणि खरंच नाही म्हणणार नाहीत हो! काल गेलो तर चहा, लिलो चिवडा, चष्मा काही सापडेना, तर म्हणाल्या सही कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखव, तू सांगतोयस म्हणजे बरोबरच असेल. फॉर्ममध्ये जोखीम किती झेपेल असा एक चौकोन असतो, तो आम्हीच भरतो, सगळ्यांचा 'मध्यम ते जास्त'. मी पेन काढलंच नाही, ब्रांचचा प्रिंटर बंद आहे, फॉर्म नंतर आणतो सांगून सटकलो. ट्रेनिंगमध्ये २००८ ला बुडालेली लेहमन बँक, एथिक्स सगळं झालं, सर्टिफिकेट पण आहे. नोकरी सोडणं परवडणार नाही, घराचा हप्ता चालू आहे. काय करू?

निवृत्त_कॅशियर:
बाळा, २००१ मध्ये मी रावपुऱ्याकडे एका सहकारी बँकेत काउंटरवर होतो. मार्चमध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक अडकली, शेअर दलाल केतन पारेखला दिलेली कर्जं, आणि गुजरातभरच्या कितीतरी सहकारी बँकांच्या ठेवी तिच्यात. आमच्याकडेही लाइन लागली. ठेव घ्या म्हणून ज्यांच्या घरी मी स्वतः गेलो होतो ते जाळीतून मलाच विचारायचे, भाऊ, पैसे आहेत ना? चेअरमनसाहेब त्या आठवड्यात कुठे दिसलेच नाहीत. माधवपुराचं लायसन्स २०१२ ला रद्द झालं. ठेवीवरचा विमा तेव्हा १ लाख, त्याचे ५ लाख व्हायला फेब्रुवारी २०२० उजाडलं, तेही पीएमसी बँकेचा गोंधळ झाल्यावर. खंडेराव मार्केटात अजून एक आजी मला बघून रस्ता बदलतात.

टार्गेट_टार्गेट:
एवढं काय त्यात, युलिप काय फ्रॉड आहे का? तू नाही केलंस तर बाजूच्या टेबलवाला करेल, इन्सेंटिव्ह त्याला जाईल. काकूंना ५ वर्षं लॉक-इन आहे एवढं सांग, झालं.

सूरसागर_कट्टा:
@टार्गेट_टार्गेट येस बँकेचे एटी१ बॉन्ड (बँकेने भांडवलासाठी विकलेले रोखे) पण फ्रॉड नव्हते. बँक गोत्यात आली तर पैसे शून्य होऊ शकतात हे कागदावर छापलेलंच होतं. मार्च २०२० ला सुमारे ८,४०० कोटींचे बॉन्ड राइट ऑफ झाले. सेबीची एप्रिल २०२१ ची ऑर्डर वाचा, १,३०० च्या वर साधी माणसं त्यात होती, बहुतेक बँकेचेच जुने ग्राहक, आणि २७७ जणांनी मुदतीआधी एफडी मोडून पैसे टाकले होते. २५ कोटी दंड लावला, बँक अपिलात गेली, मग कोर्टबाजी. सेबीने एटी१ साठी कमीत कमी १ कोटी आणि फक्त संस्थांनाच असा नियम ऑक्टोबर २०२० ला केला, म्हणजे ते एक प्रॉडक्ट काकूंपर्यंत येणं बंद झालं, पुढचं आलं. बोनस परत घ्यायची सोय आरबीआयने केली ती पण वरच्या लोकांसाठी, तुझ्या मॅनेजरचं मार्चचं टार्गेट तिथल्या तिथेच.
@दांडियाबाजार_९६ मी ऑडिटमध्ये होतो, एक सांगतो. मॅनेजरला मेल टाक: ग्राहक ७१ वर्षं, विधवा, उत्पन्न फक्त व्याजाचं, मला हे योग्य वाटत नाही, तरी करायचं असल्यास कृपया लेखी कळवावे. तोंडी दम देणारा माणूस लेखी 'हो' देत नाही, मी तरी पाहिला नाही. आणि याआधी कोणाला असं विकलं असशील तर बघ, पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लुक असतो, म्हणजे पॉलिसी परत करून पैसे मागता येतात, त्यांना आत्ताच फोन कर.

दांडियाबाजार_९६:
दोन जण आहेत तसे. एकाचे ३० दिवस गेलेत, दुसऱ्या आजोबांना आत्ता फोन केला, उद्या जातोय.
मेल टाकला. लेखी काही नाही, चार मिनिटांत इंटरकॉम वाजला, "केबिनमां आव."
काकूंचा पण फोन येऊन गेला, प्रिंटर सुरू झाला का विचारत होत्या.