जुन्या कौलारू घराला मागे खोल्या जोडायच्या आहेत: छप्पर, पाया, संडास

मागीलदार

रत्नागिरीजवळचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर आहे. भिंती दीड फूट जाडीच्या, मातीत बांधलेल्या, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी. मागच्या वळचणीची उंची पडवीच्या जमिनीपासून साडेसहा फूट. संडास परसात लांब आहे आणि घरातल्या वयस्कर माणसांना रात्री, त्यातून पावसात, तिथे जाणं झेपत नाही. म्हणून मागे १० × १२ ची खोली, तिला लागूनच संडास-न्हाणीघर आणि टेबल मावेल एवढं स्वयंपाकघर वाढवायचं आहे. ठेकेदार दोन मार्ग सांगतो: मागचं छप्पर तसंच खाली ओढायचं, नाहीतर कौलं उतरवून सगळ्या घरावर स्लॅब टाकायचा. विहीर मागच्या भिंतीपासून साधारण ५५ फुटांवर. जाणकारांनी सांगावं.

कोनवासा

दोन्ही नको.

छप्पर खाली ओढण्याचं गणित कागदावरच फसतं. कौलांना आपल्याकडच्या पावसात तीस अंशांच्या आसपास उतार लागतोच. त्या उतारावर दहा फूट पुढे गेलं की छप्पर पावणेसहा फूट खाली येतं. तुमची वळचण साडेसहावर, म्हणजे खोलीच्या टोकाला नऊ इंच उरतील. मग ठेकेदार उतार कमी करतो आणि पहिल्याच आषाढात वाऱ्यासरशी पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं आत येतं.

नव्या खोल्यांचा वेगळा गाळा करा, जुन्या वळचणीपासून चार-पाच फूट सोडून. त्याचं आढं (छपराचा सगळ्यात उंच कणा) जुन्या आढ्याला काटकोनात ठेवा, म्हणजे नव्या घराची त्रिकोणी भिंत जुन्या घराकडे येईल आणि नव्या छपराचं पाणी दोन्ही बाजूंना पडेल. दोन्ही आढी समांतर ठेवलीत तर समोरासमोरच्या दोन्ही पाख्यांचं (छपराच्या उतरत्या बाजूंचं) पाणी मधल्या पट्ट्यात येतं. शंभर चौरस फूट छपरावर तासात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर सव्वानऊशे लिटरच्या वर पाणी होतं, ते जाणार कुठे?

दोन्ही घरं जोडायला चार फूट रुंदीची बोळकंडी पुरे. तिच्यावर छोटं दुपाखी छप्पर, जुन्या पाख्यावर चढवलेलं. जिथे चढेल तिथे दोन तिरप्या पन्हळी तयार होतील. सगळ्या कामात गळण्याची खरी जागा हीच, म्हणून इथे पैसे वाचवू नका. दोन फूट रुंदीचा २४ गेजचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा, दोन्ही बाजूंना कौलांखाली नऊ-नऊ इंच गेलेला, कडा वरच्या बाजूला उलट्या दुमडलेल्या. मध्ये सहा इंच मोकळं राहू द्या. फणसाची पानं अडकून तुंबतं ते अरुंद पन्हळीतच.

रिपांचं (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर जी कौलं बसवणार त्यांवरूनच घ्या. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच थोडी वेगळी असते, नवी-जुनी कौलं एकाच पाख्यावर मिसळली की बसत नाहीत.

ओळंबा

स्लॅबबद्दल. साडेचार इंची स्लॅबचं नुसतं वजन चौरस फुटाला २६-२७ किलो, वर कोबा वेगळा. कौलं आणि लाकूड मिळून सहा-सात किलो. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर चौपट ओझं टाकायचं, तेही भिंती वरून बांधून घेणारा पट्टा नसताना! असं कुणी सुचवत असेल तर त्याला घराला हातच लावू देऊ नका.

बोळकंडी आणि नवा गाळा जुन्या घराला दात सोडून, म्हणजे चिरे एकमेकांत गुंतवून, जोडू नका. जुना पाया बसायचा तेवढा बसून गेला आहे, नवा पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत बसेल. दोघं एकमेकांत गुंतले की भेग पडते ती जुन्या भिंतीत. एक इंचाची फट पायापासून छपरापर्यंत सरळ ठेवा, आत थर्माकोलची पट्टी, बाहेरून लवचिक सीलंट आणि वर एकाच बाजूला स्क्रूने बसवलेली अॅल्युमिनियमची पट्टी. दोन्ही बाजूंना स्क्रू मारले तर फट ठेवून काही उपयोग नाही.

जुन्या भिंतीलगत खणताना तिच्या पायाच्या तळाखाली जाऊ नका. कडक जांभा लागला नाही म्हणून जावंच लागलं, तर चार-चार फुटांचे तुकडे, एक आड एक, आणि एक तुकडा बांधून झाल्यावरच पुढचा. हे काम पावसाळ्यात अजिबात नाही. जोत्यातली भर सहा ते नऊ इंचांच्या थरांनी पाणी मारून चोपायची. एकदम भरली की वर्षभरात फरशी पोकळ वाजते.

दार नवीन फोडण्यापेक्षा मागच्या भिंतीतल्या खिडकीचं दार करा. वरचा तुळवट आधीच भार घेतो आहे, फक्त खिडकीखालचे चिरे काढायचे. तुळवट टोचून बघा, वाळवीने पोखरलेला असेल तर आधी टेकू.

जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटने ते सोडणं बंद होतं, ओल वर चढते आणि आतली माती भुसभुशीत होते. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्याने भरा.

मागीलदार

खिडकीचं लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार. संडासाच्या टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा मागच्या मोकळ्या जागेत घ्यावा का? तिथेच जागा आहे.

पाणलोट

नाही. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट दूर हवा आणि राहत्या घरापासून ६ मीटर. तुमची मागची भिंतच ५५ फुटांवर आहे, नवा गाळा तर विहिरीच्या आणखी जवळ जाणार. शिवाय जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, घाण पाणी न गाळता लांब पोचतं. साठ हा आकडा कमीत कमी धरा. जमिनीचा उतार बघा आणि खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला, घराच्या बाजूला किंवा पुढे घ्या.

पाच माणसांना सेप्टिक टँक आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पाण्याची खोली एक मीटर, वर एक फूट मोकळं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी त्यात सोडू नका, ते केळी-माडांना वेगळं.

चार इंची पाइपला दहा फुटांना तीन इंच उतार. टँक चाळीस फुटांवर गेली तर एक फूट उतार लागतो. तो जोत्याची उंची ठरवण्याआधी मोजा, नाहीतर टँक खोल न्यावी लागते. प्रत्येक वळणावर चेंबर.

संडासाचं दार अडीच फुटांचं, बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. उंबरा नको, न्हाणीची जमीन फक्त पाऊण इंच खाली.

ओळंबा

एक राहिलं. सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर इतर हिस्सेदार असतील तर त्यांची लेखी संमती आधी घ्या, पाया खणल्यावर नाही. आणि फरशीआधी वाळवीचं औषध: इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरला २.१ मिली, भरलेल्या जोत्यावर चौरस मीटरला पाच लिटर द्रावण. मात्र तुमची विहीर जवळ आहे, तेव्हा फवारणी कोरड्या दिवसांत आणि फक्त जोत्याच्या आत. बाहेरच्या चरात ओतू नका.