नवी .२२ रायफल: दर गोळीमागे बॅरल पुसायचं कर्मकांड करावं की नाही?

रामबागवाला (धागाकर्ता)

मुलीची ५० मीटरची .२२ रायफल एकदाची घरी आली. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून मारायचा इव्हेंट) कांस्य घेतलं तेव्हापासून घरात याच इव्हेंटचा जप चालू होता. त्यात आपल्या निमाडचा नेमबाज ऐश्वर्य तोमर तिचा आधीपासूनचा हिरो.

पेटी उघडायच्या आत रेंजवरच्या जाणकारांचं फर्मान आलं. नव्या बॅरलचं 'ब्रेक-इन' करायचं, म्हणजे पहिल्या दहा गोळ्या एकेक करून मारायच्या, प्रत्येकीनंतर सॉल्व्हंट, ब्रश, कोरडी चिंधी. मग तीन-तीन, मग पाच-पाच. नाही केलं तर बॅरल जन्मभर नीट चालणार नाही म्हणे.

माझं मत सांगून टाकतो: .२२ साठी हे थोतांड आहे. हा विधी निघाला तो मोठ्या सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगी पेटणाऱ्या) रायफलींसाठी. तिथे गोळीवर तांब्याचं आवरण असतं, .३०८ ची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास सुटते आणि चेंबरमधला (काडतूस बसतं त्या खोबणीतला) दाब ६२,००० पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. नव्या बॅरलच्या खरखरीत भागावर तांबं घासून चिकटतं, त्याच्यावर पुढचं तांबं बसतं, म्हणून ते वेळच्या वेळी काढा, असा तो हिशोब. आता .२२ घ्या. मॅचची गोळी म्हणजे २.६ ग्रॅम उघडं शिसं, वर मेणचट वंगण. वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, दाबाची मर्यादा २४,०००. तांबंच नाही, तर काढता काय?

उलट .२२ च्या बॅरलला त्या वंगणाचा पातळ थर हवा असतो. पुसून लख्ख केलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या भटकतात आणि थर पुन्हा बसला की गट (कागदावरच्या भोकांचा झुबका) आवळतो, हे रेंजवरच्या कुठल्याही पोराला विचारा. म्हणजे दर गोळीला पुसायचं, तर दर गोळीला बॅरल मुद्दाम बिघडवायची. आणि या गोळ्या परदेशातून येतात, किराणा दुकानात मिळत नाहीत. त्या पोरीच्या सरावाला जाऊ देत.

पलटण_महू

साहेब, नोकरीचा मोठा काळ हत्यारांत गेला. आर्मी मार्क्समनशिप युनिट आपल्या महूतच आहे, लंडनला २०१२ मध्ये पिस्तुलात रौप्य घेणारा विजय कुमार तिथलाच. फायरिंग झालं की हत्यार साफ केल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, हे आमच्या हाडात आहे. नव्या हत्याराला तर सुरुवातीपासून शिस्त लावायची. तुम्ही पोरीला पहिल्याच दिवशी आळस शिकवताय.

रामबागवाला

सुभेदार साहेब, नमस्कार. पण ती सवय आली कुठून ते बघा. जुन्या .३०३ च्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या मसाल्यात) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे मीठच राहायचं, हवेतला ओलावा ओढायचं आणि बघता बघता नळी गंजवायचं. म्हणून पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), चिंदी, आणि उकळतं पाणी ओतायची पद्धत. आजच्या .२२ च्या मॅच काडतुसात ते मीठ नाही. कारण गेलं, रिवाज राहिला.

लेथवाला_पीथमपूर

दोघंही थांबा जरा. बॅरल बनते कशी ते कुणी बोलतच नाहीये.

चांगल्या बॅरलची नळी आतून लॅप करतात. म्हणजे शिशाच्या दट्ट्यावर पेस्ट लावून मागे-पुढे घासतात. त्याच्या बारीक रेघा गोळीच्या वाटेच्या दिशेनं पडतात, तिथे फारसं काही चिकटत नाही. पण चेंबर कापतो रीमर, आणि तो गोल फिरतो. चेंबर संपून रायफलिंग (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या खाचा) सुरू होतं त्या थ्रोटमध्ये त्याच्या रेघा आडव्या पडतात. गोळी तिथेच पहिल्यांदा चावली जाते आणि आडव्या रेघा तिला किसतात. क्रीगरसारखे बॅरलवाले ब्रेक-इन सांगतात ते या थ्रोटसाठी, अख्ख्या नळीसाठी नव्हे. क्रोम-मॉली पोलादाला स्टेनलेसपेक्षा जास्त फेऱ्या लागतात, हेही तेच सांगतात.

तेव्हा "तांबं नाही म्हणजे काही नाही" हे मला पटत नाही. आडवी रेघ शिसंही किसते. फरक एवढाच की शिसं मऊ, त्यामुळे रेघेची धार मोडायला त्याला फार गोळ्या लागणार. म्हणून .२२ मध्ये दहा गोळ्यांचा विधी थ्रोटसाठीसुद्धा फार काही करत असेल असं वाटत नाही. पण कारण खोटं नाहीये.

आणि कृपा करून "नव्या बाइकचं रनिंग-इन" ही उपमा कुणी देऊ नका. इंजिनात रिंग आणि सिलिंडर दोन्ही धातू एकमेकांना झिजवून जागा करतात. इथे एक बाजू दर वेळी नवी कोरी येते आणि निघून जाते.

शंकेखोर

मला एकच सांगा. एकच बॅरल ब्रेक-इन करून आणि न करता, दोन्ही प्रकारे कशी तपासणार? एकदा केलं की परत कोरी होत नाही. दोन बॅरल घ्याव्यात तर एकाच कारखान्यातल्या लागोपाठच्या दोन बॅरलसुद्धा सारख्या मारत नाहीत. मग "मी केलं आणि माझी रायफल मस्त चालते" याला पुरावा म्हणायचं का? न करणाऱ्याचीही मस्तच चालते.

त्यात लोक गट दाखवतात तीन गोळ्यांचा. तीन गोळ्यांत नशीबही बसतं. निदान दहा-दहाचे चार-पाच गट काढा, मग बोला.

बॅरलवाल्यांचंही या बाबतीत एकमत नव्हतं. गेल मॅकमिलन स्वतः बॅरल बनवायचे आणि ब्रेक-इनच्या उघड विरोधात होते. प्रत्येक गोळी बॅरलचं थोडं आयुष्य खाते, मग ती ब्रेक-इनवर का उडवायची, हा त्यांचा मुद्दा. बॅरल लवकर संपली तर नवी कोण विकतं याकडेही त्यांनी बोट दाखवलं होतं.

रामबागवाला

शंकेखोर, तुम्हाला माझ्याकडून पोहे.

लेथवाला_पीथमपूर

आयुष्याचा मुद्दा .२२ ला लावू नका. थ्रोट जळतो तो मोठ्या काडतुसात. ६ एमएम क्रीडमूरसारख्या तापट काडतुसाची बॅरल दोनेक हजार गोळ्यांत उतरणीला लागू शकते. .२२ च्या बॅरली हजारोंनी गोळ्या मारूनही शाबूत असतात. दहा-वीस गोळ्यांनी तिचं आयुष्य कमी होईल हा बागुलबुवा आणि त्या न पुसल्यानं ती बिघडेल हाही बागुलबुवाच.

सुदामानगर_शूटर

तांबं नाही म्हणता ना? मी काल माझी .२२ तांबं काढायच्या सॉल्व्हंटनं पुसली, चिंधी चक्क निळी-हिरवी निघाली. आता बोला!

लेथवाला_पीथमपूर

ब्रश कशाचा होता?

सुदामानगर_शूटर

ब्राँझचा. जॅग (सळईचं चिंधी धरणारं टोक) पितळेचा.

लेथवाला_पीथमपूर

मग तुम्ही ब्रश आणि जॅग धुतलेत. ब्राँझमध्ये तांबं, पितळेतही तांबं, आणि त्या सॉल्व्हंटमधला अमोनिया त्यांना रंग आणणारच. निकेल चढवलेला किंवा प्लास्टिकचा जॅग लावून परत करून बघा. काही हाय-व्हेलॉसिटी .२२ गोळ्यांवर तांब्याचा पातळ मुलामा असतो, त्या मारत असाल तर गोष्ट वेगळी. मॅचच्या गोळीवर तो नसतो.

नेमबाजांची_ताई

मुलांना शिकवते, म्हणून मध्ये पडते. ब्रेक-इन करा नाहीतर करू नका, मला त्याचं काही नाही. माझी तक्रार अशी की या विधीच्या निमित्तानं चौदा-पंधरा वर्षांची मुलं एका सकाळी वीस वेळा नळीत सळई घालतात. बॅरलचं खरं वाटोळं तिथे होतं.

जोडाची, तीन तुकड्यांची सळई बाजारात स्वस्त मिळते. ती मध्ये वाकते आणि जोडाची कड नळीला घासते. एकसंध सळई घ्या. बोअर गाइड (सळई सरळ आत नेणारी नळी) नसेल तर सळईला हातसुद्धा लावू नका, कारण ती मागून तिरकी घुसते आणि थेट थ्रोटवर घासते, ज्याच्यासाठी एवढी चर्चा चाललीय तिथेच. सळई नेहमी चेंबरकडून तोंडाकडे न्यायची. तोंडाशी चिंधी बाहेर पडली की ती काढून टाकायची आणि सळई हळूच मागे घ्यायची. घाणेरडी चिंधी परत आत ओढायची नाही. बॅरलच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, ही गोळी बॅरलला सोडते ती शेवटची जागा. तिथे एका बाजूला बारीकशी खोट पडली तरी मागचा वायू एका बाजूनं आधी सुटतो आणि गोळी डगमगते. ५० मीटरला दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे आणि गोळीच ५.६ ची. डगमगायला जागा आहे कुठे?

कोरडा ब्रश आधी घालणं हा दुसरा गुन्हा. .२२ चं प्रायमर काडतुसाच्या कडेत भरलेलं असतं आणि त्यातल्या काही मिश्रणांत घर्षणासाठी काचेची पूड असते. तो कचरा नळीच्या तळाशी पडतो. जुन्या .२२ बॅरलींची झीज चेंबरच्या पुढे, खालच्या बाजूला, म्हणजे घड्याळात सहा वाजतात त्या जागी दिसते ती उगीच नाही. आधी ओली चिंधी घालून ते मोकळं होऊ द्या. लागलाच तर ब्रश त्यानंतर.

रामबागवाले दादा, तुमच्या "पुसूच नका"ची मुलं फार लवकर पोथी करतात, म्हणून हेही सांगते. चेंबरच्या लगेच पुढे काजळी आणि मेणाचं एक कडं जमतं. घट्ट, काळं. ते वाढलं की काडतूस आत जाताना अडल्यासारखं वाटतं आणि चांगल्या गटातून मधूनच एखादी गोळी बाहेर पळते. पोरगी म्हणते ट्रिगर चुकला, आई म्हणते लक्ष नव्हतं, आणि दोष असतो त्या कड्याचा. ते नुसत्या कोरड्या चिंधीनं निघत नाही.

पलटण_महू

ताईंनी सांगितलं ते आम्ही शिपायांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. आता मालव्याचा पावसाळा कोणी बोलत नाहीये तर मी बोलतो. जुलै ते सप्टेंबर रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवली की फोम ओल धरतो आणि लोखंड त्याला टेकून बसतं. एसी रेंजमधून काढून थेट दमट हवेत आणली की थंड लोखंडावर दव धरतं, आतही धरतं. तेव्हा तुमचा वंगणाचा थर गंज थांबवेल का?

रामबागवाला

पावसाळ्याबाबत वाद नाही. वापरात नसेल तेव्हा तेलाची हलकी चिंधी फिरवायची आणि मारायच्या आधी कोरड्या चिंधीनं ते तेल काढायचं. बॅरल मात्र स्टेनलेस आहे, एवढं भ्यायचं कारण नाही.

लेथवाला_पीथमपूर

स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं नाही. बॅरलला बहुतेक ४१६ वापरतात. नीट कापलं जावं म्हणून त्यात गंधक मिसळलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या ३०४ च्या भांड्याचा भरवसा तिच्यावर ठेवू नका. डाग पडतात, मी पाहिलेत.

राजेंद्रनगर_ज्युनियर

माझी १० मीटरची एअर रायफल आहे. मीपण दहा गोळ्यांचं ते करू का? आणि बाबांनी WD-40 चा तेलाचा स्प्रे आणलाय, तो चालेल?

नेमबाजांची_ताई

बाळा, नाही आणि अजिबात नाही. एअर रायफलमध्ये दारूच नाही, त्यामुळे काजळी नाही. ब्राँझचा ब्रश घालायचा नाही, सॉल्व्हंट किंवा स्प्रेचं तेल आत जाऊ द्यायचं नाही, सीलची वाट लागते. नमद्याच्या स्वच्छतेच्या गोळ्या मिळतात ४.५ मिलिमीटरच्या, त्या प्रशिक्षकांसमोर मार, झालं. त्यापेक्षा सिलिंडरवरची तारीख वाच. साधारण २०० बारची हवा गालाशेजारी धरून उभा राहतोस. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत तपासणीला अडतो, आणि त्याच्या आधी तो धोका आहे.

शंकेखोर

एवढ्या चर्चेत लॉटचं (एका वेळी बनलेल्या गोळ्यांच्या खेपेचं) नाव कुणी काढलं नाही. त्याच कंपनीची, त्याच नावाची गोळी लॉट बदलला की त्याच बॅरलमधून वेगळी मारते. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांनी तर त्यासाठी वेगळे बोगदे उभारलेत, तिथे बॅरल शिकंज्यात कसून लॉट निवडून देतात. तिथवर जायची ऐपत नसेल तर मिळतील त्या दोन-तीन लॉटचे डबे घेऊन टेकूवर गट काढा. ब्रँड बदललात तर वंगणही बदलतं, आधीचं पुसून काढा आणि नव्याला बसायला गोळ्या द्या. ब्रेक-इनवर घालायचा वेळ इथे घातला तर निदान काहीतरी मोजता येईल.

पलटण_महू

रामबागवाले, वाद पुरे. माझ्या पुतण्याकडे फोनला लावायचा बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचा कॅमेरा) आहे. रविवारी पोरीला आणि रायफलीला घेऊन या, लेथवाल्यांनाही बोलवा. थ्रोटमध्ये आडव्या रेघा दिसल्या तर माझ्या पद्धतीनं करायचं. नाही दिसल्या तर तुमच्या.

रामबागवाला

येतो साहेब, पण अट मान्य नाही. रेघा दिसल्या तरी ब्रश घालणार नाही. रीमरच्या रेघा बहुतेक बॅरलमध्ये दिसतात, चांगल्या मारणाऱ्यांतसुद्धा. आधी एक ओली आणि दोन कोरड्या चिंध्या फिरवून कारखान्याचं तेल काढू, थोड्या गोळ्या थर बसायला देऊ, आणि मग दहा-दहाचे गट कागदावर. गट फाटले तर बोअरस्कोप घालू.

लेथवाला_पीथमपूर

बोअरस्कोप आधी. पहिली गोळी जायच्या आत थ्रोटचा फोटो काढून ठेवला नाहीत, तर पुढे काय बदललं ते कशाशी ताडणार? ब्रशवरून नंतर भांडा. मी रविवारी साडेदहाला पोचतो.

सुदामानगर_शूटर

मी प्लास्टिकचा जॅग घेऊन येतो. निळं निघालं तर मात्र ऐकणार नाही कोणाचं.