लातूर: जुन्या घरावर मजला गुत्त्यानं द्यायचाय, करारात काय लिहून घ्यावं?

तेरणाकाठ
जुन्या घरावर १,००० चौरस फुटांचा मजला चढवायचाय. गुत्तेदार मटेरियलसह १४ लाख सांगतोय आणि ४ लाख उचल मागतोय. कागद म्हणाल तर लेटरहेडवर एकच ओळ: 'वरील काम १४ लाखांत पूर्ण करून देऊ'. एवढ्यावर सही करावी का? पुढे गळालं, तडे गेले तर रेराकडे जाता येतं का?

जोता_ते_गच्ची
सही करू नका. रेरा आहे घरं-प्लॉट विकणाऱ्या बिल्डरसाठी. त्यातली बांधकामातल्या दोषाची ५ वर्षांची हमी स्वतःच्या जागेवर बांधून घेणाऱ्याला आपोआप मिळत नाही, ती करारात लिहून घ्यावी लागते. तुमच्या कामाला लागू होतो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात घरबांधणी ही 'सेवा' आहे. पण ग्राहक आयोगासमोर पहिला प्रश्न येतो, ठरलं काय होतं? 'वरील काम' एवढ्यावरून सळई कमी घातली हे सिद्ध करता येत नाही.

म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा. जुने कॉलम आणि पाया वरचा भार घेतील का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. काळ्या मातीवरच्या घराला हे टाळूच नका. किल्लारीनंतर लातूरकराला भूकंपाचं वेगळं सांगायला नको. त्याचं ड्रॉइंग कराराला जोडा, पानोपानी दोघांच्या सह्या घ्या. ड्रॉइंग नसेल तर उद्या तज्ज्ञ आला तरी तो ताडून कशाशी बघणार?

मटेरियलच्या रकान्यातलं 'चांगल्या प्रतीचं' खोडून टाका. सळईची प्रत एफई ५०० डी (आयएस १७८६ हे भारतीय मानक), काँक्रीटची प्रत एम २०, सिमेंटचा प्रकार, गिलाव्याची जाडी, टाइल्सचा चौरस फुटाचा दर असं लिहा. चौरस फूट मोजताना जिना, बाल्कनी, छज्जा धरायचा की सोडायचा, तेही लिहा. सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात. जादा कामाचा दर आधी ठरवा, व्हॉट्सॲपवर का होईना, पण दोघांचा होकार असू द्या.

४ लाख उचल फार होते. १० टक्क्यांच्या वर जाऊ नका. पुढचे हप्ते तारखेवर नकोत, झालेल्या कामावर द्या आणि सगळे बँकेतून द्या. शेवटचे ५ ते १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. स्टँप किती रुपयांचा लागतो हे 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' सांगून दस्तलेखकाला विचारा.

सेंट्रिंग_प्लेट
वरच्याशी सहमत, स्लॅबचं थोडं जोडतो. १,००० फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे साधारण १२ घनमीटर काँक्रीट. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे त्याला २ नमुने लागतात, एका नमुन्याचे ३ क्यूब (तपासणीसाठी साच्यात भरलेले काँक्रीटचे ठोकळे), म्हणजे ६ क्यूब. ते तुमच्यासमोर भरा, तारीख कोरा, २८ दिवसांनी अभियांत्रिकी कॉलेजच्या किंवा तंत्रनिकेतनच्या लॅबमध्ये तपासा. स्लॅबच्या हप्त्याचा काही भाग त्या रिपोर्टवर अडकवा.

क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीटला पाणी मारून ओलं ठेवण्याचं, कलम कुणी घालत नाही, आणि मराठवाड्यात तेच नडतं. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस स्लॅब ओला हवा. उन्हाळ्यात पाणी टँकरचं, म्हणजे विकतचं. टँकर कुणी आणायचा हे ठरलेलं नसलं की दोघं एकमेकांवर ढकलतात, स्लॅब सुकतो, तडे गेल्यावर 'मालकानं पाणीच दिलं नाही' हा गुत्तेदाराचा बचाव तयार असतो. टँकर कुणाचा, पाणी मारणारा कुणाचा, दोन्ही लिहा. बोअरचं पाणी खारट असेल तर काँक्रीटला वापरण्याआधी तपासून घ्या.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की पाइपांची तोंडं बंद करून ४८ तास पाणी साठवा. खालून ओल आली का याचे आधीचे-नंतरचे फोटो काढून त्यावर सही घ्या, मगच तो हप्ता.

तेरणाकाठ
खूप आभार. उचल घेऊन काम बंद पाडलं तर पोलिसात जायचं का? आणि आयोगाकडे वकील लागतो का?

ग्राहक_मंच_वाचक
पोलीस बहुतेक वेळा 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवतात. फसवणुकीचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८) व्हायला पैसे घेतानाच नियत खोटी होती हे दाखवावं लागतं. नुसता करार मोडणं हा गुन्हा नाही.

आधी स्पीड पोस्टानं नोटीस द्या: दोष कोणते, दुरुस्तीला १५ दिवस, नाहीतर तक्रार. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मग जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं तिथं चालतात, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गुत्तेदार नांदेडचा असला तरी तुम्हाला लातूरच. १० ते २० लाखांच्या प्रकरणाला फी फक्त ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. गुत्तेदार 'करून देतो, करून देतो' म्हणत राहिला तरी ती आपोआप वाढत नाही, हे लक्षात ठेवा.

मजल्यावर भाड्यानं द्यायचे गाळे काढणार असाल तर 'काम व्यावसायिक हेतूसाठी होतं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असा आक्षेप येऊ शकतो. त्याबद्दल आधीच वकिलाशी बोला.

आणि गळती लागली म्हणून घाईनं दुसऱ्या मिस्त्रीकडून कोबा फोडून घेऊ नका. आधी इंजिनिअरचा फोटोसह अहवाल, तो नोटिशीला जोडा, मग दुरुस्ती. दुरुस्तीची बिलं नावानिशी ठेवा, तोच खर्च भरपाईत मागायचा असतो.